सीईटीच्या ९० मिनिटांत भीतीची ४ मिनिटं आधीच धरून ठेवा

माझ्या बारावीच्या सीईटीला, तेव्हा ती कॉम्प्युटरवर नव्हती, ओएमआर होती, म्हणजे कागदावर गोल काळे करायची, पेपर हातात आला आणि फिजिक्सचा एक साधा प्रश्न मी चार वेळा वाचला तरी काय विचारलंय तेच कळेना. अक्षरं दिसत होती, वाक्य लागत नव्हतं. घशाला कोरड, तळहाताला घाम, आणि शेजारची मुलगी पान उलटतेय तो आवाज एवढा मोठा की जणू माझ्या कानातच उलटतेय. मान वर करून घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं गेलेली आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर एकही गोल काळा नव्हता. मग जी पळापळ केली ती सांगण्यात अर्थ नाही. पेपर संपला, बाहेर येऊन रिक्षात बसले आणि पहिला सिग्नल यायच्या आत तो प्रश्न मला तोंडी सुटला, सर्क्युलर मोशनचा होता, दोन ओळींचा.

आता मीच अकरावी-बारावीच्या पोरांना मॅथ्स शिकवते आणि दरवर्षी एप्रिल आला की वर्गात असे तीन-चार चेहरे दिसायला लागतात. घरी सगळं येतं, मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, बसलं की डोकं ब्लँक. त्यांना सगळे एकच सांगतात, घाबरू नकोस. अहो, घाबरू नको सांगून आजवर कोणी घाबरायचं थांबलंय का? मी पण आधी तेच सांगायचे, उपयोग शून्य. आता मी उलटं सांगते, की भीती येणार आहे, तिच्यासाठी वेळापत्रकात जागा करून ठेवा. बाकी जे खाली लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

मी एमएचटी-सीईटी पीसीएम, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवाली सीईटी, डोक्यात ठेवून लिहितेय कारण रोजचा संबंध त्याच्याशी आहे. नीटवाल्यांसाठी, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांसाठी, खाली थोडं वेगळं लिहिलंय.

आधी हे बघा की भीतीच आहे ना

हे कोणी सांगत नाही म्हणून पहिलं हेच. कधीकधी ती भीती नसते, अभ्यास झालेला नसतो आणि मन खरं बोलत असतं. दोन्ही वेगळं कसं करायचं तर एक जुना पेपर घ्या, टायमर लावून सोडवा, मार्क लिहून ठेवा. चार-पाच दिवसांनी त्याच लेव्हलचा दुसरा पेपर घ्या आणि टायमर न लावता, चहा पीत, आरामात सोडवा, पुस्तक मात्र उघडायचं नाही. २०० पैकी टायमर लावून ९० आणि बिनटायमरचे १४० येत असतील तर ज्ञान आहे, ते वेळेच्या दबावाखाली बाहेर येत नाहीये, म्हणजे हा लेख तुमच्यासाठी आहे. दोन्ही वेळा ९०-९५ च्या आसपास अडकत असाल तर श्वासाचे व्यायाम वगैरे नंतर बघू, आधी जे चॅप्टर सोडलेत ते काढा. कटू आहे पण निदान कुठे काम करायचं ते तरी कळतं.

आणि ब्लँक होतं म्हणजे नक्की काय होतं ते एकदा समजून घेतलं की अर्धा धसका कमी होतो. आठवलेला फॉर्म्युला, प्रश्नातले आकडे, मधली पायरी, हे सगळं एका वेळी डोक्यात धरायला जी जागा लागते ती खूप छोटी असते, स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. डबे सगळे फडताळात भरलेले आहेत, पीठ आहे, तेल आहे, पण ओट्यावरच कोणीतरी सामानाच्या पिशव्या आणून टाकल्या तर पोळी लाटायची कुठे? "आता काय होणार, बाबा काय म्हणतील, त्या प्रियाला तर सगळं येत असेल" हे विचार म्हणजे त्या पिशव्या. तुमचं पाठांतर कुठेही गेलेलं नाही, फडताळातच आहे, ओटा तेवढा अडलाय. म्हणूनच रिक्षात बसल्यावर सुटतं.

मानसशास्त्रवाले या भीतीचे दोन भाग करतात, १९६७ पासून ही विभागणी चालत आलीय, लीबर्ट आणि मॉरिस या दोघांनी मांडलेली. एक म्हणजे डोक्यात चालणारी काळजी आणि दुसरं म्हणजे शरीरात होणारी गडबड, धडधड, घाम, पोटात गोळा. मार्कांवर जास्त वाईट परिणाम करते ती काळजी. हे मला फार कामाचं वाटतं कारण पोरं घाबरतात ती धडधडीला. छाती धडधडली की "झालं, आता मला काही येणार नाही" असं म्हणतात, आणि खरं नुकसान हे वाक्य करतं. कबड्डीत रेडला जाताना पण छाती अशीच धडधडते की, तेव्हा कोणी म्हणत नाही मला आता पळता येणार नाही म्हणून. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स नावाच्या हार्वर्डमधल्या बाईंनी २०१४ मध्ये याच धर्तीवर प्रयोग केले होते, लोकांना गाणं, भाषण, गणितं करायला लावली, आणि ज्यांनी "शांत हो" ऐवजी "मला हुरूप आलाय" अशा अर्थाचं स्वतःला म्हटलं त्यांचं काम जास्त चांगलं झालं. आपल्या भाषेत "अंगात आलंय" म्हणा हवं तर, माझ्या एका बॅचने हेच पकडलं होतं आणि सेंटरवर एकमेकांना विचारत होते, आलं का अंगात.

मिनिटांचा हिशोब

पेपर १ मध्ये फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, म्हणजे १०० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी १ मार्क. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, परत ९० मिनिटं, प्रत्येकी २ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. पेपर १ चा भागाकार केला की एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात आणि हा ५४ चा आकडाच पोरांना खातो. क्लासमध्ये पण तो असा सांगतात की जणू प्रत्येक प्रश्नानंतर शिट्टी वाजणार आहे. तसं काही नाहीये. केमिस्ट्रीचे कितीतरी प्रश्न वाचले की वीस सेकंदात होतात, येतं किंवा येत नाही, तिथे विचार करायला काही नसतंच, आणि फिजिक्सचं एखादं गणित दोन मिनिटं खातं. सरासरी आहे ती, स्पीड लिमिट नाही.

माझा हिशोब असा असतो, केमिस्ट्री ३२ मिनिटं, फिजिक्स ४६, सोडलेल्या प्रश्नांकडे परत यायला ८, आणि भीतीची ४. झाली ९०. तुमचं केमिस्ट्री कच्चं असेल तर आकडे बदला पण शेवटच्या चाराला हात लावू नका. मॅथ्सच्या ९० मध्ये पण तशीच चार काढा.

पोरं विचारतात, मॅम चार मिनिटं फुकट घालवायची? म्हणजे चार-पाच प्रश्न गेले की! तर बघा, मी अकरा मिनिटं घालवली होती कारण माझ्याकडे भीतीला द्यायला एकही मिनिट नव्हतं. पहिल्या मिनिटाला नुसती भीती होती, दुसऱ्या मिनिटापासून भीतीची भीती सुरू झाली, की अरे एक मिनिट गेलं, अरे दोन गेली, आणि ते वाढतच गेलं. ज्या पोराला माहितीय की ही चार मिनिटं माझ्या हिशोबातच आहेत त्याला हा दुसरा मजला चढावाच लागत नाही. बहुतेकांना दीड-दोन मिनिटं पुरतात. आणि भीती आलीच नाही तर शेवटी चार मिनिटं बोनस, कोणाला नकोयत?

घरी कशाचा सराव करायचा

मॉक सगळेच देतात पण पलंगावर लोळत, मध्ये पाणी पिऊन, टचपॅडवर. आणि सेंटरवर समोर येतो माउस, तो पण अडकणारा, आणि खुर्ची अशी की पाय टेकत नाहीत. तर शेवटचे चार-पाच मॉक टेबलावर बसून, माउस लावून, ज्या शिफ्टची वेळ आलीय त्याच वेळेला द्या. सकाळची शिफ्ट ९ ते १२ असते, दुपारची २ ते ५. दुपारची असेल तर जेवून दोन वाजता डोकं चालवायची सवय लागायलाच पाहिजे, नाहीतर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दोन वाजता माणूस पंख्याखाली आडवा पडलेला असतो. जमलं तर एखादा मॉक सायबर कॅफेत किंवा अभ्यासिकेत द्या, जिथे दुसरे लोक खोकतायत, खुर्च्या ओढतायत. घरच्यांना शांतता ठेवायला सांगू नका, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत.

आता जरा विचित्र वाटेल असा सराव, पण मला स्वतःला हाच सगळ्यात जास्त कामी आलेला दिसलाय. धडधडत्या छातीने गणित सोडवायचा सराव. बिल्डिंगचे जिने दोनदा भरभर चढून उतरा किंवा जागच्या जागी एक मिनिट जोरात पळा, आणि धापा टाकतच खुर्चीत बसून लगेच पाच प्रश्न सोडवा. पहिल्या दिवशी काहीच सुचत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी छाती धडधडत असते आणि हात चालू असतो. डोक्याला एवढंच शिकवायचंय की धडधड म्हणजे संकट नाही, धडधडीत पण बेरीज येते. दमा असेल किंवा हार्टचं काही असेल तर हे करू नका.

आणि चार मिनिटांत काय करायचं ते (खाली लिहिलंय) निदान दहा वेळा तरी मॉकमध्ये करून बघा, भीती वाटत नसली तरी. आग लागल्यावर बादली कुठे ठेवलीय ते शोधत बसायचं नसतं.

आदल्या दिवशी आणि सकाळी

सेंटर लांबच्या कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये, गावाबाहेर, आलं असेल तर जमल्यास आदल्या दिवशी जाऊन बघून या. एसटी कुठे सोडते, तिथून रिक्षा मिळते का, गेट कुठलं. हॉलतिकीट, ओळखपत्र, फोटो, जे काय हॉलतिकिटावर लिहिलंय ते रात्रीच पिशवीत. सकाळी फोटो सापडत नाही म्हणून घरात जो आरडाओरडा होतो तो घेऊनच पोरं सेंटरवर पोचतात.

टेलिग्रामचे ग्रुप म्यूट करा. आदल्या रात्री तिथे फक्त दोन गोष्टी असतात, पेपर फुटल्याच्या अफवा आणि "हे ५० प्रश्न बघाच".

झोप लागली नाही तर? नाही लागली तर नाही लागली. एका रात्रीच्या कमी झोपेने वर्षाचा अभ्यास पुसला जात नाही, त्याआधीचा आठवडा नीट झोपलेला असला म्हणजे झालं. मोबाइल लांब ठेवून डोळे मिटून पडून राहा, दर अर्ध्या तासाने घड्याळ बघून "आता चारच तास राहिले" असा हिशोब करू नका. सकाळी रोज एक कप चहा पीत असाल तर एकच प्या, दोन नको, सोडू पण नका. चहा-कॉफी जास्त झाली की धडधड वाढते आणि आपल्याला वाटतं भीतीच वाढलीय. खायला रोजचंच, पोहे म्हणा उपमा म्हणा. मुलींनो, पाळीची तारीख आसपास असेल तर पॅड लावूनच जा आणि दुखायचा त्रास होत असेल तर काय घ्यायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, हॉलमध्ये बसून ते टेन्शन नको.

निघायच्या आधी दहा मिनिटं कागदावर भीती लिहून काढायची असा एक उपाय तुम्ही कुठेतरी वाचलाच असेल. त्याचा मूळ प्रयोग रामिरेझ आणि बायलॉक या दोघांचा, २०११ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलेला, ज्या पोरांनी परीक्षेआधी दहा मिनिटं मनातलं लिहिलं त्यांचे मार्क सुधारले असा. पण २०१८ मध्ये नेचर आणि सायन्समधल्या एकूण २१ प्रयोगांची मोठी पडताळणी झाली त्यात हा प्रयोग काही परत तसा जमला नाही. म्हणून मी सगळ्यांना लिहा म्हणून मागे लागत नाही. माझ्या काही पोरींना खूप हलकं वाटतं, काहींना लिहून अजून रडू येतं. मॉकच्या आधी एकदा करून बघा, सूट झालं तर ठेवा.

हॉलमध्ये

सगळ्यात वाईट वेळ पेपरची नसते, पेपरच्या आधीची असते. तपासणी झाली, आत बसवलं, स्क्रीनवर नाव आणि फोटो, आणि पेपर सुरू व्हायला अजून वीस-तीस मिनिटं. मोबाइल नाही, पुस्तक नाही, करायला काहीच नाही, म्हणजे पिशव्या ओट्यावर यायला रान मोकळं. इथे मनातल्या मनात उजळणी करू नका, एखादा फॉर्म्युला आठवला नाही की खेळ खल्लास. त्यापेक्षा खुर्ची नीट करा, माउस चालतोय का बघा, नसेल तर आत्ताच सुपरवायझरला सांगा, लाजू नका, नंतर सांगितलं तर तुमचाच वेळ जाणार. सूचना सगळ्या वाचा, पाठ असल्या तरी. डोक्याला काहीतरी साधं काम द्यायचं एवढंच.

पेपर सुरू झाला की प्रश्न क्रमांक १ पासून सुरू करायची कुठेही सक्ती नाही. पहिले तीन सोपे प्रश्न शोधा, केमिस्ट्रीत मिळतात, ते करून टाका, मग लाइनीत या. जो फॉर्म्युला विसरायची धास्ती आहे तो टायमर सुरू झाल्याबरोबर रफ शीटवर लिहून मोकळे व्हा.

आता ते आलंच. प्रश्न तीनदा वाचून लागत नाहीये, हात गार पडलेत. मनात म्हणा, "आली, चार मिनिटं तुझी." आणि मग:

माउसवरून हात काढा. दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा, पाठ खुर्चीला. श्वास आत घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. सोडायचा लांब, हे महत्त्वाचं, कारण श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते, नुसते मोठमोठे श्वास भराभर घेतलेत तर उलटं गरगरेल. असे दहा श्वास म्हणजे शंभर सेकंद, दोन मिनिटं पण नाही. मग दोन्ही मुठी पाच सेकंद गच्च आवळा आणि एकदम सोडा, तीनदा. खांदे कानापर्यंत गेलेले असतात ते खाली आणा. मग पेन घ्या आणि रफ शीटवर झोपेत पण येईल असं काहीतरी लिहा. मी पोरांना पहिली वीस मूलद्रव्यं लिहायला लावते, हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत. दहाव्या-बाराव्या मूलद्रव्याला पोचेपर्यंत हात ओळीत यायला लागतो, आणि केमिस्ट्रीला ती यादी उपयोगी पण पडते. झालं की ज्या प्रश्नाने अडवलं त्याच्याकडे परत जायचं नाही. दुसरा, सगळ्यात सोपा दिसेल तो उघडा.

हे वाचायला किती लांब वाटतंय, करायला दोन-अडीच मिनिटं लागतात.

टायमरकडे किती वेळा बघायचं? तो स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम पळत असतो आणि नजर तिकडेच जाते. तीनदाच बघायचं ठरवा, साधारण ६० राहिली असताना, ३० आणि १०. बाकी वेळ तिकडे गेलेली नजर म्हणजे सासूकडे बघत पोळ्या लाटण्यासारखं आहे, पोळी गोल होत नाही.

अडलेला प्रश्न सोडवत नाही तोवर पुढे न जाणारी पोरं असतात, हुशार असतात बरं का ती, इगो असतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचा हा प्रकार. तो एक मार्क आणि पुढचा सोपा एक मार्क यांची किंमत सेम आहे, अवघड सोडवला म्हणून कोणी दोन देत नाही. दोनदा वाचून रस्ता दिसला नाही तर एक पर्याय निवडून टाका, रिव्ह्यूला मार्क करा आणि पुढे चला. पर्याय निवडूनच पुढे जायचं, कारण सीईटीला निगेटिव्ह नाही, आणि शेवटी परत यायला वेळ मिळाला नाही तरी चारात एक चान्स आहेच. पण रिव्ह्यूची लाइन लागू देऊ नका, चाळीस प्रश्न मार्क करून ठेवलेत की शेवटच्या दहा मिनिटांत ती यादी बघूनच पोटात गोळा येतो. खरंच सुटेल असं वाटतंय तेवढेच करा.

"पहिलं आलेलं उत्तर बदलायचं नाही" हे तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल, मला पण सांगितलं होतं. हे खरं नाहीये. खोडाखोडीच्या खुणा तपासून कितीतरी वर्षं यावर अभ्यास झालेत आणि जवळपास दरवेळी असंच निघतं की चुकीचं उत्तर बदलून बरोबर करणारे जास्त असतात, बरोबरचं चूक करणारे कमी. फक्त बरोबर होतं ते बदलून गेलं की ते जन्मभर लक्षात राहतं, म्हणून तसं वाटतं. माझा नियम एवढाच, कारण सापडलं तर बदला. प्रश्नात "नाही" हा शब्द वाचायचा राहिला होता, युनिट चुकलं होतं, तर बिनधास्त बदला. नुसतंच "काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय" म्हणून बदलत असाल तर तो हात भीतीचा आहे, तिची चार मिनिटं संपलीत.

पेपर १ ची ९० मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि मॅथ्स उघडतं, मागे जाता येत नाही. काहींना हे फार निर्दयी वाटतं, मला उलट ती सोय वाटते. फिजिक्स वाट्टोळं झालं असेल तर आता त्याला हात लावताच येणार नाही, मग विचार करून काय, आणि पुढे तेवढेच १०० मार्क नव्याने पडलेत. तिथे एका प्रश्नाला १०८ सेकंद आहेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात परत दोन-तीन लांब श्वास घ्या, बाटली आत नेऊ दिली असेल तर घोटभर पाणी प्या आणि सुरू करा.

आणि "आमची शिफ्टच अवघड आली" हे मनात आलं तर हे आठवा की पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती पोरं तुमच्या मागे आहेत तो आकडा, तुमच्याच शिफ्टमधल्या पोरांशी तुलना करून काढतात. तुम्हाला अवघड गेलं तर शेजारच्याला पण गेलंय, तो नुसता भराभरा क्लिक करतोय म्हणून सगळं येतंय असं नाही, कदाचित तोही अंदाजाने ठोकतोय.

नीटवाल्यांसाठी

तुमचं जरा वेगळं आहे. १८० प्रश्न, १८० मिनिटं, दुपारी २ ते ५, पेन आणि ओएमआर, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. चार मिनिटांचा हिशोब इथे पण चालतो पण बायोलॉजीच्या ९० प्रश्नांतून वेळ वाचवून काढावा लागतो, बरीच पोरं बायो पन्नासेक मिनिटांत संपवायचा प्रयत्न करतात ते त्यासाठीच. दुसरं म्हणजे भीतीमुळे सगळ्यात महागडी चूक ओएमआरवर होते, एक प्रश्न सोडला पण गोल सोडला नाही आणि पुढचे सगळे एक घर खाली सरकले. म्हणून सगळे गोल शेवटी काळे करायचे असं ठेवू नका, एकेक पान झालं की त्या पानाचे करा, आणि दर दहा प्रश्नांनी नंबर जुळतोय का बघा. हाताला घाम येत असेल तर कपड्याला पुसून मगच शीटला हात लावा.

निगेटिव्हची भीती इथे एवढी घातलेली असते की दोन पर्याय पक्के उडवूनसुद्धा पोरं प्रश्न सोडून देतात. हिशोब करा, दोनच पर्याय उरले असतील तर निम्म्या वेळा ४ मिळणार आणि निम्म्या वेळा १ जाणार, सरासरी दीड मार्क फायद्यात. अजिबातच माहिती नसेल तर फायदा इतका बारीक आहे की सोडलेला बरा, निदान मनाला शांती. कुठल्या परिस्थितीत ठोकायचं आणि कुठे सोडायचं हे घरी ठरवून जा, हॉलमध्ये घाबरलेल्या डोक्याला हा निर्णय देऊ नका.

आणि गेट दीडला बंद होतं, आत मात्र खूप आधीपासून बसवतात, म्हणजे ती रिकामी वाट बघायची वेळ तुमची सीईटीपेक्षा मोठी. वर त्याबद्दल जे लिहिलंय ते दोनदा वाचा.

हे एवढ्याने भागत नसेल तर

परीक्षेच्या आधी पोटात कालवाकालव होणं, एखादी रात्र झोप न लागणं हे सगळ्यांचं असतं. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की उलटी येते, अचानक श्वास कोंडतो, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही मनात येतंय, तर हा लेख बंद करा आणि घरात कोणालातरी आत्ता सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

अजून एक, हाताची थरथर थांबवायची म्हणून कोणाच्यातरी सांगण्यावरून बीपीची गोळी घेऊन जाणारी पोरं मी बघितलीत. असल्या काही गोळ्या दमा असणाऱ्याला चांगल्याच महागात पडू शकतात, आणि पहिल्यांदाच घेतल्यावर चक्कर येईल का झोप येईल ते पण माहीत नसतं. डॉक्टरने तुमच्यासाठी लिहून दिली नसेल तर नाही म्हणजे नाही.

आईबाबांनी वाचावं असं

तुम्ही फी भरलीय, गाडी काढून सेंटरवर आलाय, उन्हात तीन तास झाडाखाली उभे आहात, सगळं मान्य. पण गेटवर सोडताना "नीट लिही हं, एवढं वर्ष घालवलंयस" हे वाक्य बोलू नका, ती पिशवी थेट ओट्यावर जाऊन पडते. "आम्हाला मार्कांचं काही नाही" हे पण अचानक त्याच दिवशी बोलू नका, वर्षभर मार्कांवरूनच बोललेलं असतं तर पोराला कळतं की प्रकरण गंभीर आहे. नेहमीसारखे राहा. पाणी घेतलं का, हॉलतिकीट घेतलं का, जा. बास.

बाहेर आल्यावर "कसा गेला" हा प्रश्न तुम्ही विचारला नाही तरी दहा जण विचारणार आहेत, मावशीचा फोन येणार, क्लासच्या सरांचा मेसेज येणार. गेटबाहेर पोरांचं टोळकं जमून "त्या तेविसाव्याचं काय टाकलंस" चालू होतं, तिथून पोराला जरा हळूच बाजूला काढा, विशेषतः चार दिवसांनी अजून एक परीक्षा असेल तर. उसाच्या रसाची गाडी असतेच बाहेर. एक ग्लास पाजा, बर्फ न घालता, आणि घरी नेऊन झोपू द्या.